पोरगं पुण्यात शिकतंय? मग रात्रीच्या पार्टीचा कायदा घरच्यांनाही माहीत हवा

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातल्या कल्याणीनगरात भरधाव कारच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार पार्टीतून परतणारा १७ वर्षांचा मुलगा कार चालवत होता.

आपल्याकडची कितीतरी पोरं पुण्यात शिकतात. म्हणून एवढं लक्षात ठेवा :

- राज्यात बिअरसाठी २१, तर देशी-विदेशी दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात.
- पिऊन गाडी चालवली, तर पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.
- अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो.

अडचणीत ११२ लावा. आणि रात्री पोराचा फोन आला, तर आधी रागावू नका. ‘गाडीला हात लावू नको, रिक्षाने जा,’ एवढंच सांगा. बाकीचं सकाळी बोलता येतं.