जुनी बुलेट आणि उसाचं पेट्रोल

वरकुटे गावाच्या रस्त्यांवर जुनी साडेतीनशेची बुलेट सांभाळणाऱ्याने आता आधी टाकीकडे बघावं. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्यातलं काही उसापासून निघतं. शेतकऱ्याला ते मानवतं, जुन्या रबराला नाही. नळी आणि कार्बोरेटरचे वायसर आधी फुगतात, मग चिरतात. शिवाय इथेनॉल ओलावा ओढतं. गाडी फार दिवस उभी राहिली की पाणी तळाशी बसून टाकी आतून गंजते. इथेनॉल सोसणारी नळी-वायसर बसवा. गाडी ठेवून द्यायची तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा.

इंजिनाला पेट्रोल पुरतंय का हे कळायला प्लग काढून बघा. टोक तांबूस-तपकिरी असेल तर ठीक. पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडतंय, जेट एक नंबर मोठा लागेल. ऊसतोडीच्या हंगामात धूळ फार, त्यामुळे एअर फिल्टर लवकर साफ करावा लागतो.

सुधारणांवर खर्च करायचाच तर पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घाला, म्हणजे पॉइंटची फट जुळवण्याची कटकट मिटते. त्यानंतर पुढचा डिस्क ब्रेक: अंधारात बिनदिव्याची उसाची ट्रॉली अचानक समोर येते. फटाके फोडणारा सायलेन्सर मात्र दुकानातच राहू द्या. त्याने दंडच वाढतो.