बॅकअप आहे, पण परत मिळतो का?

छातीत दुखतंय म्हणून रुग्ण येतो. ईसीजीत बदल दिसतो. हा बदल आजचा की पाच वर्षांपूर्वीचाच? अशा वेळी जुना ईसीजी हाताशी असेल, तर निर्णय घेणे बरेच सोपे होते. पूर्वी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत असे. आता बहुधा संगणकात असतो. म्हणूनच संगणकातील नोंदी जपणे हा उपचारांचाच भाग आहे.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. ओपीडीच्या नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंत बरेच काम सुमारे दोन आठवडे हाताने चालवावे लागले. शेवटी ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, कारण बॅकअपचा एक सर्व्हर या हल्ल्यातून वाचला होता.

माझ्या एका डॉक्टर मित्राचे नशीब एवढे चांगले नव्हते. त्याच्या दवाखान्यात रोज बॅकअप होई. पण त्याची हार्ड डिस्क संगणकाला चोवीस तास जोडलेली असे. व्हायरस आला आणि दोन्हीकडच्या फायली एकदमच गेल्या. पुढे कित्येक महिने तो जुन्या रुग्णांना विचारत होता, ‘‘कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?’’ उत्तर ठरलेले, ‘‘डॉक्टर, तुमच्याकडे लिहिलेलं असेल ना!’’

पुणेकरांना हे नवे नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा नदीकाठच्या घरांतील कागदपत्रे वाहून गेली. मूळ कागद आणि त्याची नक्कल एकाच ट्रंकेत असेल, तर पुरापुढे दोन्ही सारखेच.

दवाखाना किंवा छोटे रुग्णालय चालवणाऱ्यांनी एवढे जरूर करावे:

• माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर. त्यांतली एक प्रत दुसऱ्या जागी. बॅकअप झाला की हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवा.

• प्रती पासवर्डने सुरक्षित करा. रुग्णाची माहिती ही त्याची खासगी बाब आहे.

• सॉफ्टवेअरचे अपडेट टाळू नका. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनमधील सरकारी रुग्णालये विस्कळीत केली, त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता.

• सर्व्हरला यूपीएस हवा आणि खोलीत हवा खेळती हवी. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र पासवर्ड द्या. एकच पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका.

• महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखाद्या रुग्णाची नोंद दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. बहुतेक जण हीच पायरी गाळतात. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, हे आपण रुग्ण येण्याआधी पाहतो; तसेच हे.

• वीज किंवा सर्व्हर बंद पडला तर वापरायला छापील केसपेपरचा गठ्ठा तयार ठेवा.

घरच्यांसाठी नियम याहून सोपा. आईवडिलांचे डिस्चार्ज कार्ड, जुना ईसीजी, चालू औषधांची आणि ॲलर्जीची यादी यांचे स्पष्ट फोटो काढा. ते फक्त एका मोबाइलमध्ये नकोत. घरातल्या आणखी एकाकडेही द्या. मूळ कागद फेकू नका. मोबाइल हरवू शकतो, बंद पडू शकतो, आणि तो नेमका रुग्णालयात धावपळ सुरू असतानाच बंद पडतो.

आज रात्री एकच करा. वडिलांचा शेवटचा ईसीजी कुठे आहे, तो शोधून पाहा. पाच मिनिटांत सापडला नाही, तर उद्यापासून कामाला लागा.