‘ऑपरेशन झालंय का?’ एकच प्रश्न, तीन उत्तरं! क्लिनिकल स्टडीच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा कशी सांभाळतात?

बीड : समजा, एका आरोग्य अभ्यासासाठी हातात टॅब घेऊन आलेली ताई धारूर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर पोचली आहे. स्क्रीनवर प्रश्न आहे, ‘तुमचे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली आहे का?’ समोरची बाई थोडा विचार करते आणि ‘नाही’ म्हणते. ताई ‘नाही’वर बोट टेकवते, पुढचा प्रश्न येतो. हाच प्रश्न ‘पिशवी काढलीय का?’ असा विचारला असता, तर तीच बाई कदाचित ‘हो’ म्हणाली असती. आणि नुसतं ‘ऑपरेशन झालंय का?’ असं विचारलं असतं, तर नसबंदी झालेल्या बायकांनीही ‘हो’ म्हटलं असतं. कारण गावाकडे बाईचं ‘ऑपरेशन’ म्हटलं की आधी कुटुंब नियोजनाचंच डोळ्यांपुढे येतं.

इंग्रजी फॉर्ममध्ये प्रश्न एकच होता. मराठीत आल्यावर त्याची तीन वेगवेगळी उत्तरं झाली. बीडमध्ये ही बाब किरकोळ नाही.

बीडसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे २०१९ मध्ये बीड जिल्हा देशभर चर्चेत आला. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती त्या वर्षी विधिमंडळात देण्यात आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीच्या अहवालात ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाची नोंद आहे. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे सुमारे १७ टक्के. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या महिलांमध्ये देशभरात हे प्रमाण सुमारे ३ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांतल्या महिलांचे वयोगट आणि पद्धत वेगळी, त्यामुळे थेट तुलना करताना जपून. तरी फरक डोळ्यांत भरतो.

असे आकडे शेवटी कुणीतरी कुणाला तरी विचारलेल्या एका प्रश्नातून येतात. तो प्रश्न कोणत्या शब्दांत होता, यावर आकडा वर-खाली होऊ शकतो. पुढे याच महिलांवर औषधाचा किंवा उपचाराचा अभ्यास करायचा झाला, तर तिथेही हेच.

सॉफ्टवेअरचा इथे काय संबंध?

पूर्वी असे अभ्यास कागदावर चालायचे. आता बहुतेक ठिकाणी मोबाईल किंवा टॅब असतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये सुरू झालेलं ‘रेडकॅप’ आणि वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेलं, कुणालाही मोफत वापरता येणारं ‘ओडीके’ ही त्यांतली दोन नावाजलेली सॉफ्टवेअर. सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही आता मुलाखतकार स्थानिक भाषेतले प्रश्न छोट्या कॉम्प्युटरवर पाहूनच विचारतात.

या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रश्नाला तीन थर असतात, असं समजा. सगळ्यांत खाली प्रश्नाचं गुप्त नाव, त्यावर उत्तरांचे आकडे (‘हो’ला १, ‘नाही’ला ०, ‘माहीत नाही’ला ९९) आणि सगळ्यांत वर आपल्याला दिसणारी भाषा. भाषांतरकाराने फक्त वरच्या थराला हात लावायचा. खालचे दोन सगळ्या भाषांत तेच राहतात, म्हणूनच बीडची मराठी उत्तरं आणि बंगळुरूची कन्नड उत्तरं एकाच तक्त्यात बसतात. ओडीकेमध्ये हे चक्क एक्सेलच्या शीटवर होतं. इंग्रजीसाठी एक कॉलम, शेजारी मराठीसाठी दुसरा. ऐकायला सोपं वाटतं. पण भाषांतर करताना कुणी पर्यायांचा क्रम ‘नीट दिसावा’ म्हणून बदलला आणि आकडे जागच्या जागी राहिले, तर ‘हो’चं ‘नाही’ होतं. स्क्रीनवर काहीच चूक दिसत नाही. असा घोटाळा पकडणं सगळ्यांत अवघड, कारण सॉफ्टवेअर तक्रारच करत नाही.

भाषांतर राहून गेलं तर काय? प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळं वागतं. ओडीकेच्या फॉर्ममध्ये त्या जागी नुसती आडवी रेघ येते. रेडकॅपमध्ये ठरवून दिलेली दुसरी भाषा, बहुतेक वेळा इंग्रजी, पुढे येते. माझ्या मते रेघ बरी. रेघ दिसली की ताई थांबते, ऑफिसला फोन करते. इंग्रजी वाक्य आलं की ती मनातल्या मनात भाषांतर करून विचारते. अशा दहा ताया असतील तर प्रश्नही दहा तऱ्हेचा होतो.

मराठी व्याकरण प्रोग्रामरला कुठे पकडतं?

इंग्रजी फॉर्ममध्ये वाक्यात मोकळी जागा ठेवून त्यात नाव किंवा नातं आपोआप भरण्याची सोय असते. मराठीत त्या जागेला ‘ला’ चिकटवला की ‘सुनीताला ताप आला होता का?’ बरोबर येतं. पण तिथे ‘मुलगा’ हा शब्द आला की ‘मुलगाला’ होतं. हवं असतं ‘मुलाला’. क्रियापदाचंही तेच. इंग्रजीत एकच वाक्य बाई-पुरुष दोघांना चालतं, मराठीत ‘तुम्ही गेला होता का’ आणि ‘तुम्ही गेल्या होत्या का’ अशी दोन लागतात. म्हणजे भाषांतरकाराला फॉर्मची रचना दिसलीच पाहिजे. नुसती वाक्यांची यादी मेल करून ‘उद्यापर्यंत मराठी करून द्या’ म्हणणं चालत नाही.

आकड्यांची गंमत आणखी वेगळी. वयाच्या रकान्यात कुणी ‘३५’ असं देवनागरीत टाइप केलं तर अनेक फॉर्म ते स्वीकारत नाहीत, कारण नियम लिहिताना फक्त इंग्रजी आकडे गृहीत धरलेले असतात. शिवाय ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना सारखाच, कॉम्प्युटरला वेगळा. नावावरून जुनी नोंद शोधताना ती सापडत नाही आणि एकाच बाईची दोन खाती तयार होतात.

आणि बीडची भाषा म्हणजे फक्त मराठी?

नाही. बीड शहरात, अंबाजोगाईत, परळीत घरात दखनी उर्दू बोलणारी कुटुंबं आहेत. तांड्यांवर बंजारा समाजाची गोरमाटी बोलली जाते. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, त्यामुळे नुसते शब्द बदलून भागत नाही, अख्खा स्क्रीन आरशासारखा उलटावा लागतो. रेडकॅपमध्ये त्यासाठी प्रत्येक भाषेला वेगळी खूण करता येते. गोरमाटीचं कोडं आणखी निराळं. तिची स्वतःची रूढ लिपी नाही. देवनागरीत लिहून दिली तरी वाचायची सवय किती जणांना? अशा वेळी आवाज कामाला येतो. ओडीकेमध्ये प्रत्येक प्रश्नाला, प्रत्येक भाषेत, रेकॉर्ड केलेला आवाज जोडता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात महिलांची साक्षरता साधारण ६८ टक्के होती, हे लक्षात घेतलं तर ही सोय मराठीसाठीही गरजेची ठरते.

त्यात स्थलांतर. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अभ्यासाची दर तीन महिन्यांनी तपासणी असेल, तर एखादी तपासणी बेळगावकडच्या फडात होणार. तिथली नर्स कन्नड वाचणारी, कोयत्यावर गेलेली बाई मराठी बोलणारी. सॉफ्टवेअरमध्ये ‘भाषा निवडा’ असं एकच बटण असेल तर इथे पंचाईत होते. बटणं आणि सूचना नर्सच्या भाषेत, प्रश्न बाईच्या भाषेत, असे दोन भाग वेगळे ठेवावे लागतात. फॉर्म कोणत्या भाषेत भरला गेला, ही नोंदही उत्तरासोबत जपावी लागते. रेडकॅपमध्ये ती आपोआप होण्याची सोय आहे. ही नोंद नसेल तर पुढे उत्तरांत फरक दिसला तरी तो आजारामुळे की भाषेमुळे, हे शोधायचा मार्गच बंद होतो.

चांगलं भाषांतर तपासतात कसं?

जगभर वापरली जाणारी पद्धत अशी : दोन जण स्वतंत्रपणे मराठी करतात. दोन्ही समोर ठेवून एक पक्कं केलं जातं. मग ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही असा तिसरा माणूस त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करतो. ते मुळाशी जुळवतात. शेवटी ज्यांच्यासाठी फॉर्म आहे अशा पाच ते आठ जणांना तो वाचून दाखवून ‘तुम्हाला यातून काय कळलं?’ असं विचारतात.

यातली शेवटची पायरी सगळ्यांत मोलाची आणि घाईत वगळली जाते तीही हीच. उलट भाषांतरात ‘गर्भाशय’ पास होतो, ‘पिशवी’चं मात्र इंग्रजीत ‘बॅग’ होऊन ती नापास होते. वस्तीवर बसून विचारलं की निकाल उलटा लागतो. ‘चाचणी’ हा शब्दही तसाच. क्लिनिकल ट्रायलला आपण ‘चाचणी’ म्हणतो आणि रक्त तपासण्यालाही. ‘या चाचणीत सहभागी व्हाल का?’ असं विचारलं तर समोरचा बाही वर करून हात पुढे करील! दुखण्याचं प्रमाण विचारताना ‘मध्यम’ लिहितात. बोलताना तो शब्द कोण वापरतं? ‘बऱ्यापैकी’ घातला तर कुणी त्यातून ‘बरं आहे’ असा अर्थ काढील, कुणी ‘खूपच’.

उलट दिशेलाही अडचण आहेच. औषध घेतल्यावर बाई म्हणाली, ‘अंगात कणकण आहे.’ औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ‘मेडड्रा’ नावाच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शब्दसंग्रहातून करतात. तो अनेक भाषांत आहे, मराठीत नाही. कणकण म्हणजे ताप, थंडी की अंगदुखी, हे तिथे कुणीतरी ठरवून टाकतो. म्हणून तिचे मूळ शब्द वेगळ्या रकान्यात तसेच ठेवलेले बरे. नंतर दुसऱ्या डॉक्टरला ते पुन्हा पाहता येतात.

प्रश्न मध्येच बदलला तर?

अभ्यास सुरू असताना इंग्रजी फॉर्ममध्ये एक ओळ बदलली, मराठीत जुनीच राहिली, असं होऊ शकतं. रेडकॅप अशा ओळीवर खूण दाखवतं, की मूळ मजकूर बदललाय, भाषांतर पुन्हा बघा. पण खूण दिसली म्हणून कुणी परस्पर मराठी बदलून चालत नाही. रुग्णांना दाखवायच्या मजकुरातला बदल आधी एथिक्स कमिटीसमोर जातो. या समितीत डॉक्टर, कायद्याचा जाणकार यांच्यासोबत एक सामान्य नागरिकही असावा लागतो. मराठी प्रत आपल्याला समजते का, हे सांगायला त्याच्याइतकं योग्य दुसरं कुणी नाही.

कायदा काय म्हणतो?

१९ मार्च २०१९ पासून लागू झालेल्या नव्या औषधांच्या आणि क्लिनिकल ट्रायलच्या नियमांनुसार माहितीपत्रक सहभागी व्यक्तीला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत हवं. वाचता येत नसेल तर पूर्ण वेळ एक निःपक्ष साक्षीदार हजर हवा. नव्या रेणूपासून बनलेल्या औषधाची ट्रायल असेल आणि सहभागी व्यक्ती दुर्बल घटकातली असेल, तर संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही करावं लागतं. (एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाजाचं.)

हे नियम कडक होण्यामागे वाईट अनुभव आहेत. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यावरच्या संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर होस्टेलच्या वॉर्डनच्या सह्या.

तुम्हाला सही करायला सांगितली तर?

आधी मराठी प्रत मागा, किंवा घरात जी भाषा बोलता ती. टॅबवर वाचून दाखवत असतील तर ‘हेच कागदावर द्या’ म्हणा. माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. औषधाची ट्रायल असेल तर तिचा नोंदणी क्रमांक विचारा. तो ‘सीटीआरआय’ या सरकारी वेबसाइटवर मोफत पाहता येतो, अभ्यास कोण करतंय हेही तिथे दिसतं. आणि एखादा शब्द कळला नाही तर तिथेच विचारा. ‘माहीत नाही’ हेही फॉर्ममधलं एक उत्तर आहे, त्याला ९९ हा वेगळा आकडा दिलेला असतो.