पिशवीची टीप वाकडी येते ती हातामुळे नव्हे

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात कुणी भेट म्हणून द्यायला घरी पिशवी शिवायला घेतली, की शहराचं कापड म्हणून हिमरूचा मोह होतोच आणि नवशिक्याची फजिती तिथूनच सुरू होते. दोष हाताला दिला जातो. माझ्या मते तो कापडाचा आणि सुईचा. हिमरूत सुती ताण्यावर जादा रेशमी बाणा नक्षी काढतो. उलट्या बाजूला त्याचे धागे सुटे राहतात, म्हणून कापलेली कड लगेच उसवते आणि कडेजवळची टीप धाग्यांसकट निघून येते. कापण्याआधी मागून बक्रम चिकटवलं, शिवणीला दीड सेंटिमीटर कापड सोडलं, की तोच हात सरळ चालतो. बंदांपाशी तर कापडाचे सहा-आठ थर जमतात. ब्लाउजसाठी लावलेली ११ नंबरची सुई तिथे वाकते, टाके सुटतात. १६ नंबरची लावून चाक हाताने फिरवलं तर निभतं.

सरावाने हात बसतो, हे खोटं नाही. पण चुकीच्या सुईवरचा सराव फक्त दोरा तोडायला शिकवतो. ‘मग शिंप्याकडेच द्या’ हा आक्षेप जास्त वजनदार. पैठणीच्या काठाची पिशवी असेल तर मीही तेच म्हणेन. पण जून २०१८ पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी लागू झाली. त्यामुळे कापडी पिशवी रोजच लागते, आणि बाजारात न्यायच्या पिशवीने भाजीचं वजन पेललं तरी पुरे. गोधडीचे थर नुसत्या धावदोऱ्यावर वर्षानुवर्षं टिकतात, आणि तो कुठे पट्टीने आखलेला असतो? तेव्हा पहिली पिशवी जाड मांजरपाटाची, बंदांना चौकट आणि आत फुली अशी टीप, हिमरू फक्त खिशापुरता.