विश्लेषण : चिल्लर संपली, टोकन आले, झळ कोणाला बसली?

दुसऱ्या महायुद्धात देशभर सुट्ट्या पैशांची टंचाई झाली आणि दुकानदारांच्या चिठ्ठ्या, टोकन पैशाचे काम करू लागले. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे तेव्हा मध्य प्रांतातील एकाच चांदा जिल्ह्यात होते.

नाणी गेली कुठे?

युद्धाच्या धास्तीने लोकांनी चांदीचे रुपये घरात दडवले. 25 जून 1940 रोजी सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणे गुन्हा ठरवले. त्याच वर्षी एक रुपयाची नोट पुन्हा आली आणि नव्या रुपयातील चांदी सुमारे 92 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आली. तांबेही दुर्मीळ झाले. म्हणून 1943 मध्ये भोकाचा पैसा निघाला. जुना पैसा सुमारे 4.9 ग्रॅमचा होता, हा अवघा 2 ग्रॅमचा.

टोकन कसे चाले?

रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे. समजा, गिऱ्हाइकाने आणा देऊन दोन पैशांचे मीठ घेतले. परत द्यायला दोन पैसे नसले, की दुकानदार टोकन देई. म्हणजे ती त्याची उधारीच. मोरवी, बुंदी, बिकानेर या संस्थानांनी स्वतःची कुपने छापली. चांदा ब्रिटिश मुलखात असल्याने इथे तसा संस्थानी आधार नव्हता. वर्धा नदीपलीकडचे राजुरा निजामाच्या राज्यात होते. तिथे हाली सिक्का चाले. साधारण 7 हाली रुपये म्हणजे 6 कलदार.

झळ कोणाला?

ज्याचा व्यवहारच पैशा-दोन पैशांचा, त्याला. टोकन एकाच दुकानात चालते. जंगलातल्या गावाहून आठवडी बाजाराला आलेल्या माणसाच्या हाती ते पडले, तर पुढच्या आठवड्यात त्याच दुकानी, त्याच भावाने खरेदी करावी लागते. शेजारचा मीठवाला ते घेईलच असे नाही. दुकानदाराला मात्र तेवढे दिवस बिनव्याजी पैसे वापरायला मिळतात.

आज काय?

2011 च्या नाणे कायद्यानुसार धातूचे खासगी तुकडे पैसा म्हणून वापरता येत नाहीत. दहा रुपयांच्या नाण्यांचे सर्व 14 प्रकार वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही सुट्ट्यांऐवजी चॉकलेट हातावर टेकवले जाते. टोकन निदान त्या दुकानात तरी परत चालायचे. चॉकलेट तेवढेही चालत नाही.