‘अनुराधा’ : प्लॅस्टिकने सांगितलेली वेळ

चष्म्याच्या भिंगांसाठी सीआर-३९ नावाचे एक प्लॅस्टिक वापरतात. याच प्लॅस्टिकच्या पातळ चकत्या १९८५ साली अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ या स्पेस शटलमधून पृथ्वीभोवती फिरून आल्या. तो प्रयोग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा होता. प्रमुख संशोधक होते प्रा. सुकुमार बिस्वास, आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांचाही त्यात सहभाग होता. प्रयोगाला वृश्चिक राशीतील एका नक्षत्राचे नाव दिले होते : ‘अनुराधा’.

२९ एप्रिल १९८५ रोजी चॅलेंजर सात अंतराळवीरांना घेऊन निघाले आणि ६ मे रोजी परतले. मालकोठारात ‘स्पेसलॅब-३’ ही प्रयोगशाळा होती. तिच्यात दोन माकडे आणि चोवीस उंदीर होते, स्फटिक वाढवण्याची उपकरणे होती. द्रवाच्या थेंबांचे यंत्र सुरुवातीलाच बंद पडले, तेव्हा टेलर वांग या शास्त्रज्ञाने ते तिथेच उघडून दुरुस्त केले. ‘अनुराधा’ मात्र या खोलीबाहेर, मालकोठाराच्या उघड्या भागात बसवलेली होती. तिला थेट अवकाशाकडेच पाहायचे होते.

प्रश्न काय होता?

अवकाशातून पृथ्वीकडे सतत वेगवान कण येत असतात. त्यांना आपण विश्वकिरण म्हणतो. त्यांपैकी बहुतेक नुसती अणुकेंद्रे असतात. दूरच्या प्रवासात वाटेतल्या वायूशी टकरा होऊन त्यांचे सगळे इलेक्ट्रॉन गळून पडलेले असतात. उदाहरणार्थ, ऑक्सिजनच्या अशा केंद्रावर +८ भार असतो.

१९७०च्या दशकात कमी ऊर्जेच्या विश्वकिरणांत एक विसंगती दिसली. हेलियम, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि निऑन यांचे कण अपेक्षेपेक्षा फार जास्त आढळले. १९७४ साली फिस्क, कोझ्लोव्स्की आणि रामाती यांनी एक कल्पना मांडली. ताऱ्यांमधल्या अवकाशातील विद्युतभाररहित अणू सूर्यमालेत शिरतात. भार नसल्याने सूर्याचे चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवत नाही. सूर्याजवळ अतिनील किरणांमुळे त्यांचा एक इलेक्ट्रॉन निघून जातो. मग सौरवारा त्यांना सूर्यमालेच्या सीमेकडे वाहून नेतो, तिथे त्यांना प्रचंड वेग मिळतो आणि त्यांतले काही परत आत येतात.

ही कल्पना खरी असेल तर या ऑक्सिजनवर +१ भार असला पाहिजे. ते कण आकाशगंगेतून लांबचा प्रवास करून आले असतील तर +८. म्हणजे सारा निकाल एका आकड्यावर येऊन ठेपला.

अडचण कुठे होती?

अडचण अशी की, असा कण कोणत्याही पदार्थात शिरला की त्याचे उरलेसुरले इलेक्ट्रॉन लगेच गळून पडतात. प्लॅस्टिकमधून जाताना तो आपली खूण ठेवतो. ते प्लॅस्टिक कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवले की खुणेच्या जागी सूक्ष्म शंकूसारखे खड्डे होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजून कण ऑक्सिजनचा की लोखंडाचा, त्याची ऊर्जा किती, हे कळते. पण आत येण्यापूर्वी त्याच्यावर भार किती होता, हे कळत नाही. पुरावा दारातच नष्ट होतो!

यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञांनी पृथ्वीलाच उपकरण केले. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र भारित कणांना वळवते. संवेग सारखा असेल तर आठ भारांचा कण एका भाराच्या कणापेक्षा आठपट जास्त वळतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी एक उंबरठा असतो. संवेग भागिले भार ही राशी त्या उंबरठ्यापेक्षा कमी असेल तर कण तिथे पोचूच शकत नाही. हा उंबरठा विषुववृत्ताजवळ सर्वांत उंच आणि चुंबकीय ध्रुवांकडे ठेंगणा असतो.

ढोबळ गणित करून पाहू. समजा, ऑक्सिजनच्या कणाची ऊर्जा दर न्यूक्लिऑनमागे २० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्यावर +८ भार असेल तर तो साधारण ६६ अंश चुंबकीय अक्षांशाच्या खाली येऊ शकत नाही. +१ असेल तर साधारण ४८ अंशांपर्यंत येतो. गोंदियाजवळच्या मुर्री गावाचा चुंबकीय अक्षांश जेमतेम १३ अंश. मुर्रीच्या वर ३५० किलोमीटरवरून यान गेले, तरी तिथे यांपैकी एकही कण पोचणार नाही.

म्हणजे असा कण ५० अंशांवर सापडला, तर त्याच्यावर आठ भार असणे शक्यच नाही. कुठे सापडला हे कळले की भाराची कमाल मर्यादा कळते.

प्लॅस्टिकला घड्याळ

पण यान तर दर सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर पळत होते आणि साधारण दीड तासात एक फेरी पूर्ण करत होते. कण कुठे सापडला हे सांगायचे तर तो केव्हा आला हे माहीत हवे. प्लॅस्टिकवर खूण उमटते, वेळ उमटत नाही.

इथे ‘अनुराधा’ची खरी युक्ती आहे. चकत्यांचे दोन थर होते. वरचा पातळ थर स्थिर आणि खालचा जाड थर फिरता. खालचा थर दर १० सेकंदांनी ४० विकला, म्हणजे अंशाचा नव्वदावा भाग, पुढे सरके. कण दोन्ही थरांतून सरळ रेषेत जाई, पण नंतर खालचा थर आणखी सरकत राही. पृथ्वीवर आणल्यावर दोन्ही खुणा एका रेषेत येण्यासाठी खालचा थर किती अंश मागे फिरवावा लागतो, ते मोजायचे. तो कोन म्हणजेच वेळ. एक अंश म्हणजे ९० टप्पे, म्हणजे १५ मिनिटे. वेळ दहा सेकंदांपर्यंत कळली की यानाची जागा सुमारे ७७ किलोमीटरांच्या अचूकतेने कळते.

यान उतरल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक खड्डा शोधायचा, वरच्या थरातली त्याची जोडी जुळवायची, कोन काढायचा, असे चिकाटीचे काम सुरू झाले. निष्कर्ष असा निघाला की, या विसंगत ऑक्सिजनच्या बहुतेक कणांवर एकच भार होता. सूर्यमालेबाहेरच्या भाररहित अणूंच्या कल्पनेला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. १९९२ साली सोडलेल्या ‘सॅम्पेक्स’ या अमेरिकी उपग्रहानेही पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचाच असा उपयोग करून याला दुजोरा दिला.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. ‘अनुराधा’ला घेऊन ते सुखरूप परतले, त्याला तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते.

वर्गात करून पाहा

पुठ्ठ्याच्या दोन सारख्या चकत्या कापा. केंद्रात टाचणी खुपसून त्या एकावर एक बसवा आणि कडेवर दोन्हींना मिळून एक आरंभखूण करा. वरची चकती एकाने घट्ट धरावी. दुसऱ्याने खालची चकती दर १० सेकंदांनी ५ अंश फिरवावी. मधेच कधीतरी तिसऱ्या विद्यार्थ्याने दोन्ही चकत्यांतून सुई आरपार घालून काढून घ्यावी आणि ती वेळ गुपचूप लिहून ठेवावी. दोन-तीन मिनिटांनी थांबा. वर्गातील इतरांनी आरंभखुणा पुन्हा जुळवून दोन छिद्रांमधला कोन मोजावा आणि सुई केव्हा घातली ते सांगावे. कोन भागिले ५, गुणिले १०, इतकेच सेकंद.

उत्तर जुळले की मुलांना विचारा : सुईची खूण तर पुठ्ठ्यावर उमटली, पण वेळ कशावर उमटली?