प्रतिकृती-आगगाड्यांची साठवण

आगगाड्यांच्या प्रतिकृती जमविण्याचा छंद युरोपात शंभराहून अधिक वर्षे रुजलेला आहे. ब्रिटनमध्ये हॉर्नबीच्या गाड्या १९२० पासून घराघरांत धावू लागल्या. पुण्यातील कोथरूड भागात १९९८ मध्ये सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयाने महाराष्ट्रातील अनेकांना या छंदाची गोडी लावली. मात्र हौसेने घेतलेल्या या गाड्या धावताना जेवढ्या झिजत नाहीत, तेवढ्या पुष्कळदा कपाटात पडून खराब होतात.

याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. १:८७ या लोकप्रिय प्रमाणातील गाडीच्या दोन रुळांमधील अंतर अवघे १६.५ मिलिमीटर असते. एवढ्याशा इंजिनात धातू, प्लॅस्टिक, रबर, रंग आणि वंगण एकत्र नांदतात व प्रत्येकाचे शत्रू निराळे असतात.

ओलावा आणि उष्णता

पावसाळ्यातील दमट हवेने चाके व स्क्रू गंजतात, खोक्यांना बुरशी लागते. स्लॅबलगतचा माळा उन्हाळ्यात तापतो आणि प्लॅस्टिक वाकते. म्हणून राहत्या खोलीतील कपाटाचा मधला कप्पा, तोही बाहेरच्या भिंतीपासून दूर असलेला, सर्वांत योग्य. झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. नारिंगी दाणे हिरवे झाले की त्या बदलाव्यात.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काही गाड्यांच्या जस्त-मिश्रधातूत शिशाची अशुद्धी राहिलेली असे. असा भाग आतून फुगतो, त्याला तडे जातात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. एकदा सुरू झालेली ही क्रिया उलटविता येत नाही. ओलावा मात्र तिचा वेग वाढवितो.

वेष्टन

कपड्यांप्रमाणे येथेही डांबराच्या गोळ्या टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरिन प्लॅस्टिक मऊ पडू शकते. फुगेदार प्लॅस्टिकचे वेष्टन रंगावर गोल डाग उमटविते, तर जुना स्पंज चिकट होऊन गाडीला बिलगतो. वर्तमानपत्राऐवजी आम्लरहित मऊ कागद वापरावा. मूळ खोके अवश्य जपावे. संग्राहकांच्या दृष्टीने त्यालाही मोल असते. खोक्याच्या पुठ्ठ्याला कसर लागली नाही ना, हेही अधूनमधून पाहावे.

ठेवण्यापूर्वी आणि नंतर

गाडी मऊ कुंचल्याने झटकावी आणि बोटांचे ठसे पुसावेत, कारण घामातील क्षार धातूला बाधतात. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीतील सेल आठवणीने काढावेत. त्यांतून झिरपणारे रसायन आतील पत्रे खाऊन टाकते. दर तीन-चार महिन्यांनी इंजिन काही मिनिटे चालवावे, म्हणजे वंगण घट्ट होत नाही.

अखेरीस, प्रत्येक गाडीचे नाव, प्रमाण, खरेदीचे वर्ष, किंमत व छायाचित्र यांची नोंदवही करावी आणि तिची एक प्रत घराबाहेर सुरक्षित ठेवावी. संग्रह मोठा असल्यास गृहविम्यात त्याचा समावेश होतो का, हे विमा कंपनीला विचारून घ्यावे. अशी नोंद असली तर माळ्यावरची खेळणी समजून हा ठेवा पुढच्या पिढीच्या हातून रद्दीत जाणार नाही.